चार्जरच्या शर्यतीचे पंच

तळोज्याच्या गोडाऊनवाल्या केतनने घणसोलीजवळच्या तळवलीच्या दामोदर भोईरांना फसवलं. मला नाही. लोक उलटं सांगतात. लोक म्हणतात, नाक्यावरच्या मोबाइलवाल्या जगतापला, म्हणजे मला, चार्जरच्या मालात टोपी घातली आणि बिचारे दामूकाका उगाच मध्ये सापडले. हे साफ खोटं आहे. माझा माल मी केतनच्या दारात परत नेऊन ओतला आणि नवा माल घेतल्याशिवाय तिथून हललो नाही. फलटणकडून रिकाम्या हाताने येऊन ज्याने घणसोली स्टेशनबाहेर चादर अंथरून मोबाइलची कव्हरं विकली, त्याला एवढं जमतं. काकांचं जे गेलं, ते मात्र कुणालाच परत आणता आलं नाही.

काकांना ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना ते कसे होते हे सांगितल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

काका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते चार्जर घ्यायला. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची चेन, आणि हातात नवाकोरा फोन. तो त्यांनी असा धरला होता, जसं लहान मूल पहिल्यांदा हातात आल्यावर पुरुष धरतात. लेकीने आई आणि बाप दोघांना एकसारखे फोन घेऊन दिले होते. खोक्यात चार्जर नव्हता.

"फोन दिला, चार्जर नाय दिला," काका म्हणाले. "बैल विकताना दावं ठेवून घेतान, ती रीत मना ठाव हाय. पन ते आधी सांगतान."

मी त्यांच्यापुढे एक चार्जर ठेवला. माणसं पुढचा प्रश्न किमतीचा विचारतात. काकांनी चार्जर तळहातावर तोलला आणि विचारलं, "यो किती पलतो?"

"पासष्ट वॉट, काका. एकदम सुपरफास्ट."

"ते खोक्यावर लिवलंय. पलताना दाखव."

त्या दिवशी माझं डोकं आधीच गरम होतं. मी म्हणालो, "काका, हे मोबाइलचं दुकान आहे. गुरांचा बाजार नाही."

"गुरांच्या बाजारात असा बोलला असतास, तर गिऱ्हाईक पाठ फिरवून गेला असता." स्टूल ओढून ते बसले. "लाव, घाट्या. मी हाय बसलेला."

आगरी लोक आम्हा देशावरच्यांना घाटी म्हणतात, आणि ते कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. पण या म्हाताऱ्याच्या तोंडून तो शब्द असा आला, जसं एखाद्याला त्याच्या घरच्या नावाने हाक मारावी. मी चार्जर लावला. फोन भरेपर्यंत काका जागचे हलले नाहीत. अधूनमधून उलट्या हाताने फोनच्या पाठीला स्पर्श करायचे, मग चार्जरला. शेवटी म्हणाले, "पयल्या निम्म्यात पलाला. मंग रवंथ करत बसला."

मी त्यांना सांगितलं की तो दोष नाही. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच वेग कमी करतो, नाहीतर बॅटरी लवकर मरेल. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं.

"मंग तसं खोक्यावर लिवा ना. 'पयला निम्मा पलेल, नंतर चालेल.' कोन नको बोलनार हाय?"

आणि मी सांगितली ती किंमत त्यांनी निमूट काढून दिली. घासाघीस नाही, काही नाही. मला चुकल्यासारखं झालं. ज्या गिऱ्हाइकाशी भावावरून भांडलो नाही, ते गिऱ्हाईक माझ्या लेखी आलंच नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. काका हसले. "भाव तुजा, निकाल माजा," म्हणाले आणि गेले.

त्यांचं हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की गिऱ्हाइकं ते माझ्याच तोंडावर मारू लागली.

हे निकाल देणं काय आहे, ते मला नंतर समजलं. दामूकाका बैलगाड्यांच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर निशाण धरून उभे राहायचे. पनवेलपासून अलिबागपर्यंत कुठेही शर्यत असो, दोन गाड्या चिकटून आल्या की सगळी माणसं काकांच्या हाताकडे बघायची. हात ज्या बाजूला गेला ती गाडी जिंकली. त्यावर वाद नाही. शर्यतीतला हरलेला मालक गाडीवाल्याला शिव्या देईल, बैलाला देईल, स्वतःच्या नशिबाला देईल, पण काकांच्या निशाणाला कुणी बोट लावलं नाही. सख्ख्या मेव्हण्याची जोडी त्यांनी हरवली होती आणि काकींच्या माहेरचे वर्षभर बोलेनासे झाले होते, असं काकीच हसत सांगायच्या.

मी दुकान थाटलं तेव्हा शर्यतींना बंदी होती. शेतं तर त्याच्या खूप आधी शहराखाली गेलेली. काकांची स्वतःची चार मजली इमारत होती, भाडेकरू होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती. नव्हतं ते फक्त काम. ज्या माणसाच्या हाताकडे हजारो डोळे लागायचे, तो सकाळी नाक्यावर येऊन रिक्षा मोजत उभा राहायचा. माझ्या दुकानात त्यांना पुन्हा एक रेषा सापडली.

पुढच्या रविवारी ते आले ते दोन फोन घेऊन. एक स्वतःचा, एक काकींचा. दोन्ही पार रिकामे केलेले. "बैल सारखे पायजेत. मंग गाडी कंची चांगली ते कलतं," म्हणाले. एकाला एका कंपनीचा चार्जर, दुसऱ्याला दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही फोनची कव्हरं काढली. पंखा बंद करायला लावला, कारण एका फोनला वारा जास्त लागला तर तो लबाडी ठरेल. मग खिशातला रुमाल काढला, वर धरला आणि खाली टाकला. मी दोन्ही बटणं एकदम दाबली.

त्या दिवशी बघायला तीन टाळकी होती. महिनाभरात दुकानासमोर रिक्षा लावायला जागा मिळेना. गावातली पोरं, पलीकडच्या उंच इमारतींतले, टॉवरमधले नोकरदार, भाजी घेऊन परत चाललेल्या बायका, सगळे काउंटरवरच्या दोन फोनकडे डोळे लावून उभे. कुणी चहाची पैज लावायचं, कुणी वडापावची. बॅटरी भरताना बघणं यात बघण्यासारखं काहीही नाही. पण काका ते असं सांगायचे की माणूस घरी जायचं विसरायचा.

"यो बगा, यो सुटला कसा! पयल्या फेकीला सगलेच पलतान. थांबा. आता चढ लागलाय त्याला. लागला का घाम? लागला. आनि यो दुसरा बगा, सासुरवाडीला चालल्यासारका एका चालीनं चाललाय. यो येनार."

आणि पुष्कळदा तोच यायचा. काकांचा नियम होता की आधी कोण भरलं एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. दोन्ही चार्जरांना आणि दोन्ही फोनना उलटा हात लावायचा. "घाम फुटून जिंकलेला बैल विकत घेऊ नये," ते म्हणायचे. "तो आज तुमचा, उद्या देवाचा."

दर रविवारी काकींची एक फेरी व्हायची. त्या दारातूनच ओरडायच्या, "अवो, माजा फोन दर रविवारी उपाशी का ठेवतान? लेक फोन लावतं, लागत नाय. तिला वाटतं आई गेली!"

"भरून देतो ना!"

"उपाशी ठेवून मंग जेवन घालायचं, याला काय उपकार बोलतान?"

बघ्यांमध्ये टॉवरमधली प्रज्ञा असायची. ती ऐरोलीला एका कंपनीत इंजिनियर होती. तिनेच आम्हा दोघांना आतलं गणित समजावलं. तोपर्यंत मी वॉटचा आकडा वाचून विकायचो आणि काका हात लावून निकाल द्यायचे. ती म्हणाली की फोन आणि चार्जर जोडले की आधी आपसांत बोलतात. चार्जर सांगतो माझ्याकडे इतक्या दाबाची वीज आहे, फोन सांगतो मला एवढी दे. दोघांची भाषा जुळली तर वेग, नाही जुळली तर पासष्ट वॉटचा चार्जरसुद्धा दहा वॉटवर येऊन बसतो. पीडी ही सगळ्यांना येणारी भाषा. पीपीएस ही त्याच्यातलीच, पण जास्त बारकाईची. आणि काही फोन कंपन्यांच्या स्वतःच्या घरच्या भाषा, ज्या बाहेरच्याला कळत नाहीत.

मला हे चटकन पटलं. मी म्हणालो, "म्हणजे पीडी म्हणजे फिक्स रेटचं दुकान. पाटीवर चार भाव लिहिलेत, त्यातला एक घ्या. आणि पीपीएस म्हणजे आपली घासाघीस. क्षणाक्षणाला, थोडं वर, थोडं खाली, दोघांना परवडेल तिथे. म्हणून तापत नाही."

"बरोबर!" प्रज्ञा म्हणाली.

"तुजी घासाघीस लय तापते रे," काका म्हणाले, आणि दुकान हसलं.

त्यांना स्वतःला ते दुसऱ्या बाजूने उमगलं होतं. ते म्हणाले, "पीडीवाला म्हंजे गरीब बैल. कोनाच्याबी गाडीला जुपा, चालतो. आनि यो कंपनीवाला म्हंजे घरच्या मालकाच्या आवाजालाच उठनारा. घरचा बसला गाडीवर तर वारा, परका बसला तर धोंडा. त्याला वाईट बोलू नये. त्याला त्याचा मालक द्यावा." मग प्रज्ञाने केबलची गोष्ट काढली. घरच्या भाषेतल्या काही चार्जरांना जाड केबल लागते, स्वस्तातली चालत नाही, हे सांगितलं. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "जू! बैल दोन लाखांचे आनि जू भेंडीच्या लाकडाचं, मंग कसा पलंल?"

मला आजही गिऱ्हाईक विचारतं, जगताप, ऐंशी वॉट घेऊ की पंचेचाळीस? मी विचारतो, फोन कुठला? त्याची भाषा कुठली? मालक कोण? हे मी काकांकडून घेतलेलं आहे. त्या रविवारांनी मला फक्त धंदा दिला असं म्हणणं खोटं होईल. घणसोलीत येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण मी गावाचा नव्हतो आणि टॉवरचाही नव्हतो. माझ्या काउंटरच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला टॉवर उभा राहिला तो काकांच्या रुमालामुळे. सूर्य खाडीकडे कलायचा, दुकानात तिरपं ऊन यायचं, काका स्टूलवर ताठ बसून निकाल सांगायचे आणि कुणीतरी चहा आणायचं. माझ्यासारखा भांडकुदळ माणूस त्या वेळात कुणाशी भांडला नाही.

गावात पद्धतच पडली. काकांनी हात वर केलेला चार्जरच घ्यायचा. "काकांनी निशाण दिलंय का?" हा प्रश्न विचारून माणसं खोकं उचलायची. आणि काका त्या बदल्यात माझ्याकडून काय घ्यायचे? काहीच नाही. चहासुद्धा स्वतःचा आणायचे. मी एकदा केबल भेट दिली तर ती परत ठेवली. "पंचाला मालकाचं पानी चालत नाय," म्हणाले.

अशा वेळी केतन आला. त्याचं तळोज्याला गोडाऊन होतं, बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे, मला "भाऊ" आणि काकांना "बाबा" म्हणणारा. त्याने निळ्या खोक्यातला एक छोटा चार्जर आणला. पीडी आहे, पीपीएस आहे, लहान आहे आणि थंड राहतो, म्हणाला. रविवारी शर्यत लावली. माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला चार्जर समोर होता. निळ्या खोक्यातला सुरुवातीला मागे राहिला, मग एका चालीने आला आणि पुढे गेला. काकांनी हात लावला. तो ठेवूनच दिला, काढला नाही. चार्जर कोमट होता, बस्स. त्यांनी रुमाल निळ्या खोक्यावर टाकला.

"जगताप, यो बैल हाय," म्हणाले.

केतन त्यांच्या पाया पडला. नमुन्याचा चार्जर त्याने काकांना देऊ केला. काकांनी रीतसर किंमत देऊन घेतला.

मग भाव ठरवायला मी आणि केतन बसलो. तिथे मी माझं काम केलं. तो उठला, मी उठू दिलं. तो परत आला, मी आणखी खाली आणलं. तो म्हणाला, "भाऊ, मला काहीच उरत नाही." मी म्हणालो, "नसेल परवडत तर नाही म्हण." तो नाही म्हणाला नाही. तो हो म्हणाला. हे नीट लक्षात ठेवा.

माल आला, खपला. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात निळं खोकं गेलं. काका स्वतः सांगायचे, घ्या, चांगला हाय. काही आठवडे काही कळलं नाही, आणि त्यातच लबाडीची हुशारी होती. फोन लावला की पहिल्यांदा पडद्यावर सुपरफास्ट लिहून यायचं. माणूस ते वाचून फोन ठेवायचा आणि कामाला लागायचा. थोड्या वेळाने चार्जर तापायचा आणि मलूल पडायचा. मग एकाचा चार्जर वितळल्याचा वास आला. एकीच्या फोनची पाठ फुगली. माणसं माझ्याकडे आली नाहीत. काकांच्या दारात गेली.

"काका, तुमी सांगितलं म्हनून घेतला."

काका ते फुगलेल्या पाठीचं प्रकरण ऐकून सरळ दुकानात आले. एका हातात एका घरातून मागून आणलेला चार्जर, दुसऱ्या हातात स्वतःचा नमुन्याचा. पंखा बंद केला. कव्हरं काढली. बघायला कुणी नव्हतं. रुमाल टाकला. दोन्ही चार्जर बाहेरून जुळे भाऊ. थोड्याच वेळात नमुना पुढे निघून गेला आणि दुसरा तापून बसला. काकांनी त्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"यो त्यो बैल नाय," म्हणाले.

मी स्क्रूड्रायव्हर घालून दोन्ही चार्जर फोडले. नमुन्यात भाग नीट भरलेले. दुसऱ्यात सर्किटची एक कामचलाऊ पट्टी, आणि हाताला जड लागावा म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा.

काकांनी तो तुकडा तळहातावर तोलला. मग म्हणाले, "बाजारात जो बैल बगितला, त्योच दावं धरून घरी आनतान. मना काय ठाव, यो बाजार वेगला हाय ते. एक बगायचा आनि दुसरा घरी येतो."

सगळी गोष्ट एवढीच आहे. काकांचा निकाल चुकला नव्हता. त्यांच्यासमोर जो पळाला तो खरंच चांगला पळाला. जिवंत जनावराचे निकाल देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एकाच खोक्यात दोन जाती असतात हे कुठून सुचणार?

मी ओरडायला लागलो. माझा आवाज नाक्यापर्यंत जातो. काकांनी मला हात धरून खाली बसवलं. "माल तुजा. त्याचं तू बग. निकाल माजा. त्याचं मना बगू दे."

आणि ते घरोघर गेले. ज्या घरात निळं खोकं होतं त्या प्रत्येक घरात जाऊन म्हणाले, परत द्या, जगताप बदलून देईल, चूक माजी. मी बरोबर गेलो होतो. बहुतेकांनी काकांना बसवलं, पाणी दिलं, "तुमची काय चूक?" म्हणाले. एका दारात मात्र एक तिशीतला माणूस उभा होता, चहाच्या पैजा लावणारा, आमच्याच रविवारचा. तो हसत म्हणाला, "काका, निशानाचं काय भेटलं तुमाला?"

मी त्याच्या अंगावर धावलो. काका जागेवर उभे राहिले. सख्ख्या मेव्हण्याला हरवणाऱ्या माणसाला गावातला माणूस पहिल्यांदाच विचारत होता, की निकाल किती घेऊन दिला. बोललेलं एकाने. पण त्या गल्लीतल्या दारांत उभी असलेली माणसं गप्प राहिली, ते काकांनी पाहिलं आणि मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत माल भरून तळोज्याला गेलो. काका पुढे बसले. केतनशी माझं काय बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तोही चिडला. म्हणाला, "भाऊ, ज्या भावात तुम्ही आणलंत, त्या भावात आत तेच मिळेल असं तुम्हाला वाटलं? एवढे हुशार तुम्ही!"

यावर माझं उत्तर तेव्हा होतं तेच आज आहे. भाव पाडणं माझं काम. नाही म्हणणं त्याचं काम. हो म्हणून घरात दुसरं जनावर बांधायचं, ही चोरी आहे.

काका टेम्पोतून उतरले. त्यांना बघून केतनने पुन्हा "बाबा" सुरू केलं, खुर्ची मागवली. काका बसले नाहीत. म्हणाले, "मना काय नको. तू एकदा गावात ये. देवलासमोर उभा ऱ्हा आनि सांग, दावला त्यो वेगला होता, धाडला त्यो वेगला होता. भोईराला ठाव नव्हतं. एवडंच."

"बाबा, एवढं काय मनाला लावून घेता? चार्जर तर आहे. तुम्हाला मी नवा फोन देतो, भारीतला."

काका टेम्पोकडे निघाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल जगताप. याला प्रश्नच कलला नाय."

मला नवा माल मिळाला. काकांना काही मिळालं नाही.

नंतरचा रविवार आला. मी स्टूल पुसून ठेवलं, दोन चार्जर काढून ठेवले. काका आले नाहीत. मी घरी गेलो, तर काकी दारात बसून फोनवर लेकीशी बोलत होत्या. त्यांचा फोन रविवारी चालू असलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी फोन खाली केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमीच काय बोला त्यांना. मना फोन उपाशी चालंल." मी आत जाऊन खूप बोललो. काकांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे कूस बदलली.

मग शर्यतींवरची बंदी उठली. ज्या गोष्टीची काकांनी इतकी वर्षं वाट पाहिली, ती आली. पनवेलकडून माणसं आली, नारळ घेऊन, मानाने. पहिल्या मैदानाचं निशाण दामूशेठ भोईरांनीच धरायचं. मी मुद्दाम हजर होतो. काकांनी नारळ परत त्यांच्या हातात दिला.

"निशान धरनाऱ्यावर एकानंबी शंका घेतली ना, की हात हलका झाला," म्हणाले. "हलक्या हातानं धरू नये. गाडीवाल्यांचं नुकसान होतं."

"काका, कुणी शंका घेतलीय?" ती माणसं विचारत होती. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं नाही आणि मला सांगू दिलं नाही.

त्या मैदानाला काका गेलेसुद्धा नाहीत. त्या दिवशी ते माझ्या दुकानात आले, बऱ्याच महिन्यांनी. बाकी नाक्यावर कुणी नव्हतं, सगळा गाव शर्यतीला गेलेला. स्टूलवर बसले. आम्ही चहा प्यायलो. कुणीतरी शर्यतीचं चित्रण फोनवर पाठवत होतं, ते मी त्यांना दाखवलं. धुरळा, गाड्या, आरडाओरडा. दोन जोड्या चिकटून आल्या आणि तिथल्या पंचाने हात केला. काकांनी मान हलवली.

"दुसरी होती पुडं. मुंडीभर."

मी चित्रण थांबवून, मागे नेऊन पाहिलं. दुसरीच होती.

त्या पावसाळ्यानंतर काका आजारी पडले आणि फार दिवस काढले नाहीत. खाडीकडच्या स्मशानात इतकी माणसं होती की मागच्यांना काही दिसत नव्हतं. दूरदूरचे गाडीवाले आले होते, टॉवरमधले आले होते, प्रज्ञा आली होती. सगळे चांगलंच बोलले. आणि दहाव्याला, काकींना ऐकू जाईल इतक्या जवळ, कुणीतरी कुणाला तरी काकांची ओळख सांगत होतं, "तेच ते, चार्जरवाले. ते निळं खोकं नाय का..."

काकी उठून आत गेल्या. मी त्या माणसाला काय बोललो ते त्याला विचारा.

म्हणून हे लिहिलं. मी गावात शंभर जणांना शंभरदा सांगितलं आहे. पण मी पडलो दुकानदार, माल माझा, माझ्या तोंडाला किती किंमत? लोक मान हलवतात आणि मनात म्हणतात, हा स्वतःचं झाकतोय. हे सांगून पटेल असा माणूस जगात एकच आहे. त्याचं गोडाऊन आता मोठं झालंय, पाटी बदललीय, पण जागा तीच आहे. मी जाऊन बघून आलोय.

केतन, तळवलीत ये. गावदेवीच्या देवळासमोर उभा राहा आणि जे एका म्हाताऱ्याने तुझ्याकडे मागितलं ते सांग. दाखवला कोणता, पाठवला कोणता, आणि हे कुणाला माहीत होतं. भावाचं तुला काय बोलायचं असेल तेही बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही. काकी समोर बसतील. उत्तर त्यांना दे.